चिंध्या बांधलेली कणसं

पौष लागला की जुळे सोलापुरात चौकाचौकात पाट्या लागतात. 'गावरान हुरडा पार्टी.' खाली बारीक अक्षरांत झोपाळे, बैलगाडीची फेरी, गरम भजी आणि आइस्क्रीम. हुरड्याबरोबर आइस्क्रीम! मागल्या रविवारी लेकाने आणि सुनेने मला अशाच एका ठिकाणी धरून नेलं. हुरडा स्टीलच्या ताटलीत आला. आधीच चोळलेला, पार निवलेला, वर शेव भुरभुरलेली. मी चार दाणे तोंडात टाकले आणि मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, हे काय?" सून म्हणाली, "आई, हळू बोला, लोक बघतायत." बघू देत की! मी काय चोरी केली होती? हुरडा आगटीतून तळहातावर आणि तळहातावरून तोंडात जायचा. मध्ये ताटली कशाला हवी?

मग घरी येताना रिक्षात माझं मलाच हसू आलं. हुरड्यावरून कुणाला बोल लावायचा मला काडीचा अधिकार नाही. माझ्या सासरी, कुंभारीच्या अख्ख्या शिवारात, हुरड्याच्या बाबतीत माझ्याएवढा मोठा घोटाळा दुसऱ्या कुणी केला नसेल.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात बचत गटाच्या दोघी मुली घरी आल्या होत्या. गावोगावचं देशी बियाणं गोळा करतात, बायकांना वाटतात, पेरायला लावतात. विकतच्या पाकिटावर सगळा पैसा घालवण्यापेक्षा घरचं बी घरात असावं म्हणून धडपडतात बिचाऱ्या. मला फार गोड वाटल्या. त्यांच्याकडे एक फॉर्म होता आणि त्यात रकाना होता, 'बियाणे साठवण्याची पद्धत'. मी सांगितलं, चुलीतली राख चाळून घ्यायची, बी त्यात कालवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायचं. त्यांनी भराभरा लिहून घेतलं. चहा पिऊन गेल्या. त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ त्या सालातच बसून होते.

ते साल म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरचं. माझं लग्न दुष्काळ सरता सरता झालं, वैशाखात, जेमतेम पन्नास माणसांत. माझे वडील सोलापुरात गिरणीत कारकून. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आमच्या गल्लीत सगळे विणकर, दिवसभर मागाचा खटखटाट. ज्वारी मी पाहिलेली ती पोत्यात आणि चाळणीत. आणि लग्न होऊन गेले कुठे, तर कुंभारीला, काळ्या रानात. हे शहरात शाळेवर होते, सायकलने जाऊन येऊन करायचे. सासरे आधीच गेलेले. शेत सगळं सासूबाईंच्या अंगावर. त्यांना मी आत्या म्हणायचे. उंच, काटक बाई. बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरच्याने गप्प बसावं. नणंद सुमी दहा वर्षांची, तोंडाळ आणि लाघवी.

घरात पाऊल टाकलं तेव्हा चुलीवर लाल भाकरी भाजत होती. रेशनवरचा तो परदेशी मिलो. वास असा, की पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले आणि सुमी म्हणाली, "वैनी, माहेरची आठवण आली व्हय?" मी हो म्हटलं. भाकरीची आठवण आली असं कसं सांगणार? तिथेच आढ्याला शिंक्यात एक मडकं टांगलेलं होतं, तोंड लिंपलेलं. मी विचारलं यात काय आहे. आत्या म्हणाल्या, "त्याला हात लावायचा न्हाय." बस, एवढंच.

त्यात गूळभेंडीचं बी होतं. हुरड्याची ज्वारी. भाकरीला आमच्याकडे मालदांडी, पण हुरडा खायचा तो गूळभेंडीचा. दाणा टपोरा, कणीस तळहातात नुसतं फिरवलं की दाणे मोकळे, आणि गोडी अशी की गूळ लागू नये. हे बी आत्यांच्या आईने त्यांच्या लग्नात ओटीत घातलेलं. आत्या ते कधी विकत नसत. कुणी मागितलं की ओंजळभर द्यायच्या, पिकलं की माणूस सवाईने परत आणून द्यायचा. पुढे सुमीच्या लग्नात तिच्या ओटीत जायचं होतं. पण दुष्काळात पेर वाया गेली आणि शिल्लक राहिलं ते त्या एका मडक्यात. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्या वर्षी देव पावला. हस्ताचा पाऊस असा झोडपून पडला की पहिली पेर दबून गेली. आत्यांनी मडकं पालथं केलं आणि उरलंसुरलं सगळं बी बांधाकडेच्या चार तासांत, म्हणजे चार ओळींत, पुन्हा पेरलं. ते उगवून आलं. मग थंडी पडली, बोचरी, कोरडी थंडी, ओठ फुटणारी. सकाळी रानात गेलं की ज्वारीच्या पानांवरचं दव दंडाला लागायचं आणि शहारे यायचे. ज्वारीची ताटं माझ्या डोक्यावर हातभर. कणसं निसवली, भरली. पाखरं राखायला सुमी आणि मी माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवायचो. सुमीचा दगड पाखरांवर जायचा, माझा पुढे जायच्या ऐवजी मागे जायचा. ती पोट धरून हसायची. सोलापूरच्या गल्लीत मला एवढं आभाळ कधी मिळालं नव्हतं.

आणि मग माझ्या माहेरचे लोक हुरड्याला यायचे ठरले. आई, दादा, दोघं भाऊ. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी आठ दिवस आधीपासून हवेत. त्या दिवशी पहाटे उठून, विळा आणि टोपलं घेऊन मीच रानात गेले. आत्या घरी दह्याची आणि शेंगाचटणीची तयारी करत होत्या. चार तासांतली बरीच कणसं आधीच्या आठवड्यात घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी खाल्लेली, उरलेली बारीकसारीक. आता आईला काय खायला घालू? आणि तेवढ्यात मला ती दिसली. मधूनमधून चांगली भरदार कणसं, आणि प्रत्येकाच्या देठाला एक चिंधी बांधलेली. आत्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्याची.

काय सांगू माझी अवस्था! मला वाटलं, आत्यांनी ही माझ्या माहेरच्यांसाठी राखून ठेवली. कुणी तोडू नये म्हणून खुणा केल्या. वरून एवढ्या कडक, आणि मनात बघा किती माया! मी तिथे बांधावर उभी राहून अक्षरशः रडले. मग डोळे पुसले, आणि एकूण एक चिंधीवालं कणीस कापलं. चाळीसेक असतील. चिंध्या सोडून, नीट घडी घालून कमरेला खोचल्या, पुन्हा कामाला येतील म्हणून.

सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या गाडीने मंडळी आली. वाकळा अंथरल्या, आगटीत गोवऱ्या पेटल्या. पहिली दहा-बारा कणसं भाजून निघाली आणि दादा हात भाजत चोळायला लागले. तेवढ्यात आत्या डोईवर दह्याचं गाडगं घेऊन आल्या. टोपल्याकडे बघितलं.

"ही कणसं कुटली गं?"

"तुम्ही बांधून ठेवलेली!" मी अभिमानाने म्हणाले. "एकसुद्धा ठेवलं नाही, सगळी आणली बघा."

सुमीने तोंड उघडलं होतं. आत्यांनी तिच्या दंडाला धरून तिला जवळ बसवलं. त्या माझ्या कमरेच्या चिंध्यांकडे पाहत होत्या. माझी आई तोंडभर हुरडा खात म्हणाली, "विहीणबाई, खरं सांगते, असा हुरडा उभ्या जन्मात खाल्ला नव्हता." आत्यांनी गाडगं खाली ठेवलं, पदर खोचला आणि आगटीशी बसल्या. "खावा की, इहीनबाई. गरम हाय तवर खावा. निवल्यावर काय मजा न्हाय." आणि पुढची सगळी कणसं त्यांनी स्वतःच्या हाताने भाजली, स्वतःच्या हाताने चोळली. फुंकर घालून भुसा उडवायचा आणि ओंजळ आईच्या हातावर. ओंजळ दादांच्या हातावर. माझ्या धाकट्या भावाला तर आग्रह करकरून घातला. "आरं घे, लाजतूस काय?" मी मात्र वाढण्यात, पाणी आणण्यात, मिरवण्यात दंग. असा माझा दिवस गेला.

मंडळी दुपारच्या गाडीला बसली. घरी परतताना सुमीला राहवलं नाही. "वैनी, तू बियाची कणसं तोडलीस! आता बी कुटनं आनायचं?"

मी चालता चालता थांबले. बियाची? मग सगळं हळूहळू उलगडत गेलं. चिंधी बांधली म्हणजे हात लावायचा नाही. कणीस ताटावरच वाळू द्यायचं, फाल्गुनात वेगळं खुडायचं, तेच पुढच्या वर्षीचं बी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर मला सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कुणी कुणाला सांगतं का, की चुलीत हात घालू नको म्हणून?

"आत्या, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? निम्मं टोपलं शिल्लक होतं!" मी हमसून हमसून रडत होते.

"तोडल्यावर काय ऱ्हायलं? हिरवा दाना. त्याचं बी हुतंय व्हय?" आत्या म्हणाल्या. "मग पाव्हन्यांच्या तोंडातला घास कशाला काडू? अन् न सांगन्याची चूक माजी. चल, रडू नगंस, रस्त्यावर मान्सं हायती."

त्या मला एक शब्द रागाचा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलल्या नाहीत. मलाच ते जास्त टोचलं. माझ्या आईच्या, दादांच्या पोटात ते बी गेलं, आणि आत्यांनी दुष्काळाच्या जबड्यातून काढलेलं ते मी एका सकाळीत संपवलं. रात्र रात्र तेच मनात.

मग आम्ही दोघी बी शोधत हिंडलो. उरलेल्या खुज्या कणसांचं बी वाळवून आत्यांनी ते उगवतंय का बघायला ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. तीन दिवसांनी सोडलं तर दाण्यांना नुसती बुरशी. मग जिने जिने कधी ओंजळभर नेलं होतं तिच्या तिच्या दारी गेलो. कुंभारीत, आजूबाजूच्या वाड्यांवर. प्रत्येक दारी चहा, आणि प्रत्येक दारी एकच उत्तर. एकीने तर आत्यांचे पाय धरले. "खाल्लं, वैनी. खडी फोडायला जायचो, पोरं घरात रडायची. दळून खाल्लं." आत्यांनी तिला उठवलं. "बरं केलंस की. पोटात गेलं, मातीत तर न्हाय गेलं." वाटेत मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्यांनी पुढच्या दाराची वाट धरली. ग्रामसेवक भेटले, ते म्हणाले, कशाला एवढी धावाधाव, नवं संकरित घ्या, उतारा दुप्पट. आत्या म्हणाल्या, "घेऊ की सायेब. पन त्याचा हुरडा तुमी आदी खाऊन बगा, मग सांगा." साहेब हसत सायकलवर बसले.

फाल्गुनात रानं मोकळी झाली आणि सांगोल्याच्या बाजूची धनगर मंडळी मेंढरं घेऊन आली. दरवर्षी ती आमच्या वावरात मेंढरं बसवायची. खत आम्हाला, धान्य त्यांना. मायाक्का ही त्यांच्यातली कारभारीण, आत्यांच्याच वयाची, हातात कोपरापर्यंत बांगड्या, बोलणं रानातून रानात ऐकू जाईल असं. आत्यांनी तिला भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, गूळभेंडी नेली होतीस ती राहिली का गं?

"हाय की!" मायाक्का म्हणाली. "मडकं जसंच्या तसं गावलं. दुष्काळात आमी समदी मेंढरं घिऊन घाटाखाली गेलो न्हाय का? म्हातारीकोतारीसुद्दा. घरात मानूसच न्हाय, मग खानार कोन? माघारी आलो तर भिताडातलं मडकं वाट बगतंय. औंदा म्हाताऱ्यानं पेरलंय."

गावात माणसं राहिली म्हणून बी संपलं, आणि तिकडे घर ओस पडलं म्हणून बी वाचलं. देवा, तुझं काय कळत नाही बाबा!

बी तिच्या गावी होतं आणि ती पावसाळ्यालाच माघारी जाणार, म्हणून पेरणीच्या तोंडावर, भाद्रपदात, आत्या आणि मी एसटीने निघालो. आत्यांना गाडी लागायची. सबंध प्रवासभर त्या नाकाशी लिंबू धरून, डोळे मिटून, आणि दर फाट्याला मला विचारणार, "आलं का?" पुढे दोन कोस चाल. माळरान, खुरटं गवत, मध्येच मेंढरांचा कळप. मायाक्काने गुळाचा चहा केला आणि मडकं फोडलं. राखेत हात घालून बी काढलं, सुपात पाखडलं. पांढरे, टपोरे दाणे. आत्यांनी चार दाणे दाताखाली धरून पाहिले आणि मान हलवली. तेच होतं.

मायाक्काने ओंजळ भरून आत्यांच्या पुढे केली. आत्यांनी पदर पुढे केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या वटीत घाल."

"सवाशीन हाय, चांगलंच हाय," म्हणून मायाक्काने कुंकू लावलं आणि पाच ओंजळी माझ्या ओटीत घातल्या. मी ते बी पोटाशी धरून कुंभारीपर्यंत आणलं. कंडक्टर म्हणाला, बाई, बोचकं वर टाका. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या सीटकडे गेला.

त्या साली मी पाभरीमागे स्वतः चाडं धरलं. चाडं म्हणजे ते लाकडी नरसाळं, ज्यातून मुठीमुठीने बी सोडायचं. आणि आत्या शहाण्या, पाचातल्या दोन ओंजळी आधीच मडक्यात घालून लिंपून टाकल्या. पुढे त्या बियाने काय काय पाहिलं! दारोदारच्या बायका पुन्हा ओंजळ घेऊन आल्या. ज्यांनी दळून खाल्लं होतं त्यांनाही आत्यांनी दिलं, आधी त्यांनाच. सुमीच्या ओटीतून ते अकलूजला गेलं. तिकडे सगळा ऊस आणि पाटाचं पाणी, तिचा नवरा म्हणाला, हे कशाला? तिने बांधाला दोन तासं पेरलीच. आता तिची सून पेरते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पहिल्या पौषातलं. ज्या थंडीत ते परत पिकलं, ती थंडी. कणसं निवडून चिंध्या मीच बांधल्या, दोनशेच्या वर. निम्मं पीक बांधून टाकलं म्हणा ना. त्या तासांकडे मी कुणाला फिरकू देत नव्हते. सुमी मला 'फौजदारीण' म्हणायची. सगळ्यांसाठी आगटी पेटली, शेजारपाजार येऊन गेला, आणि मी चटणी वाढत, पाणी देत फिरत राहिले. सगळे उठल्यावर आत्या म्हणाल्या, "बस हितं." मी बसले. त्या उठून तासात शिरल्या आणि चिंधी बांधलेलं, त्यातलं सगळ्यात भरदार कणीस त्यांनी कडकन मोडलं.

"आत्या! ते बियाचं आहे!"

"ठावं हाय मला."

त्यांनी ते विस्तवात धरलं, फिरवलं, तळहातावर चोळलं. "गेल्या साली तू वाडत हुतीस, खाल्लं न्हाईस. औंदाबी तोंड लावलं न्हाईस. मी बगत हुते. नेम धरलायस व्हय?"

मी मान खाली घातली. धरला होता.

आत्यांनी फुंकर घालून भुसा उडवला. मग म्हणाल्या, "दुष्काळात ही सुमी पांढऱ्या भाकरीसाठी रडायची. आठ दिस ताप हुता तिला. लाल भाकरी तिच्या घशाखाली उतरत न्हवती. अन् वर शिंक्यात मडकं. एक भाकर करून घातली असती तर काय झालं असतं? मी न्हाय काडलं. भिताडाकडं तोंड करून बसले, पन काडलं न्हाय. बी राखलं म्हनून गाव मला नावाजतंय. मला तिचा रडन्याचा आवाज आजून येतोय." त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि ओंजळ त्यात रिकामी केली. "एकदा लेकराला उपाशी ठिवून राखलं. आता तुला उपाशी ठिवून राखल्यालं बी मला नगं. खा."

दाणे गरम होते, तळहात भाजत होता. मी खायला लागले, आणि आत्या दुसरं कणीस मोडायला उठल्या.